वजन तेवढंच, अंग वेगळं

आठवी-नववीतल्या मुलीचं पोट पुढे दिसायला लागलं की गावात कुजबुज आधी सुरू होते, डॉक्टर मागाहून आठवतो. लासलगावजवळच्या एका वस्तीवर तसंच झालं. मुलगी आजीजवळ वाढलेली. आईवडील दोघंही ती लहान असतानाच गेलेले. आजी कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. तिथंच शेजारी बसलेल्या बाईनं हळूच विचारलं, "पोरीची पाळी येती ना वेळेवर?" आजीच्या पायाखालची जमीन सरकली. घरी येऊन तिनं नातीला नको नको ते विचारलं, नात रडून रडून झोपली, आणि सकाळी आजी तिला घेऊन ताईंच्या दारात उभी राहिली. "ताई, तुम्हीच बघा. पोर माझ्याशी खोटं बोलती का?"

पोर खोटं बोलत नव्हती. मात्र नुसतं पोट बघून काही कळणार नव्हतं. तिचे दंड सुकले होते, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या होत्या, गालांत खळगे पडले होते. ड्रेस कमरेला घट्ट आणि बाह्यांत सैल. वजन मागच्या तपासणीला होतं तेवढंच. जन्मापासून एचआयव्ही घेऊन जगणारी ही मुलगी कित्येक वर्षं नेमानं गोळ्या घेत होती. त्या उपचारातच तिच्या हातापायांवरची, चेहऱ्यावरची चरबी झिजत गेली होती आणि पोटावर साठत गेली होती. वैद्यकात याला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. कधी चरबी फक्त जाते, कधी फक्त साठते, कधी एकाच शरीरात दोन्ही गोष्टी घडतात.

निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यात ताई गेली बरीच वर्षं एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरी जातात. गोळ्यांची वेळ पाळली जाते का ते बघणं, नाशिकच्या सिव्हिलमधल्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात मुलांना तपासणीसाठी नेणं, शाळेत नाव टिकवणं, बालसंगोपन योजनेचे कागद करणं असं त्यांचं काम. इथं त्यांचं नाव दिलेलं नाही, मुलांची वयं आणि गावंही नेमकी सांगितलेली नाहीत. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करणं आता बेकायदा आहे. कायदा नसता तरी नावं दिली नसतीच. सकाळच्या लिलावात कांद्याला काय भाव फुटला हे ट्रॉली रिकामी व्हायच्या आत शिवारभर पोचतं, अशा गावात एका मुलाचं नाव किती वेळ गुप्त राहील?

गोळ्यांनी मुलांचं अंग बदलतं ही गोष्ट समजायला ताईंना वर्षं लागली, कारण सुरुवातीची वर्षं वेगळ्याच धावपळीची होती. भारत सरकारनं १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्याआधी मुलं सरळ मरत. कुणाला न थांबणारी हगवण, कुणाला टीबी, कुणाच्या तोंडात बुरशी, आणि बहुतेकांच्या घरात आधीच एक-दोन मरणं होऊन गेलेली. मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांना द्यायच्या, असेही दिवस होते. २००६ च्या अखेरीस मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि वजनाप्रमाणे बेतलेली बालकांची औषधं मिळायला लागली. कडेवर उचलून आणलेली मुलं काही महिन्यांत पळायला लागली. त्या काळात काट्यावर किलोभर वजन वाढलं की ताईंना, नर्सबाईंना, आजीला सगळ्यांनाच भरून यायचं. वजन वाढतंय म्हणजे मूल जगतंय, एवढा एकच हिशेब होता आणि तो तेव्हा बरोबरही होता.

त्या गोळ्यांतलं एक औषध होतं स्टॅव्ह्युडिन. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन या तिघांच्या एकत्र गोळीला केंद्रावर सगळेच 'एसएलएन' म्हणायचे. या गोळीबद्दल आज वाईट बोलणं सोपं आहे, पण तिचं ऋण आधी मान्य करायला हवं. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी हाच तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. गरीब देशांतले मोफत कार्यक्रम उभे राहिले ते अशा स्वस्त भारतीय गोळ्यांवर. स्टॅव्ह्युडिन स्वस्त होतं, आणि त्यानं रक्त कमी होत नव्हतं. त्याला पर्याय असलेल्या झिडोव्ह्युडिननं हिमोग्लोबिन घसरतं. आपल्याकडच्या आधीच रक्त कमी असलेल्या मुलांना ते झेपेलच असं नव्हतं. ज्या मुलांबद्दल हा लेख आहे ती वयात येण्याइतकी मोठी झाली ती मुख्यतः याच गोळीमुळे.

पण गोळीनं आपली किंमत वसूल केली. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात; पेशीला लागणारी ऊर्जा तिथं तयार होते. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याच्या प्रती काढणारं एक एन्झाइम असतं. विषाणूला रोखण्यासाठी बनवलेलं स्टॅव्ह्युडिन या एन्झाइमच्याही कामात अडथळा आणतं. चरबीच्या पेशींना तो मार सोसत नाही, त्या मरतात. सगळ्यात आधी गाल, मग दंड, मांड्या, पोटऱ्या, बैठकीचा भाग. नसांनाही तोच मार बसतो, म्हणून कित्येकांच्या तळपायांची आग व्हायची. झिडोव्ह्युडिन त्याच कुळातलं, फक्त जरा सौम्य. चरबी साठण्यामागची कारणं अधिक गुंतागुंतीची आहेत. प्रोटीज इनहिबिटर गटातल्या औषधांचा संबंध पोट सुटण्याशी, मानेमागे गोळा येण्याशी, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढण्याशी जोडला गेला. १९९८ मध्ये सिडनीतल्या अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांच्या गटानं मोठ्या माणसांमधलं हे चित्र पहिल्यांदा नीट मांडलं. मुलांमध्येही तेच घडतं हे पुढच्या काही वर्षांत जगभरच्या दवाखान्यांतून दिसत गेलं. वयात येण्याच्या काळात ते जास्त ठळक होतं.

मुलांमध्ये ते ओळखणं मात्र अवघड. मोठ्या माणसाचे गाल बसले तर जुना फोटो शेजारी ठेवून सांगता येतं. मूल तर दर वर्षी वेगळंच दिसतं. बाळसं उतरतं, उंची एकदम वाढते, मुलगी वयात आली की कंबर-मांड्या बदलतात, मुलगा काटकुळा होतो. त्यात आपल्याकडे घरोघरी अर्धपोटी वाढलेली मुलं. मग हा दंड कशानं सुकला? जेवण कमी पडतंय, वय तसं आहे, टीबी लपलाय, की गोळी चरबी खातेय? चरबी कुठं किती आहे हे मोजणारं डेक्सा स्कॅन मशीन मोठ्या शहरांत असतं. ताईंच्या पिशवीत होती शिवणकामाची टेप. अंगणवाडीत दंडघेर मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी असते, पण ती पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी. बारा वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग नाही.

म्हणून ताईंनी स्वतःची वही केली. नाव नाही, फक्त खूण. वजन आणि उंची केंद्रावर लिहिली जायचीच. त्यांनी दंड आणि कंबर असे दोन रकाने वाढवले. आणि शेवटी एक रुंद रकाना ठेवला, त्यात मूल स्वतःच्या अंगाबद्दल काय म्हणतं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून कांदा वर-खाली करून बघतो, मगच भाव बोलतो. नुसत्या काट्यावर कुणी बोली लावत नाही. मुलाच्या बाबतीत आपण काट्यावर थांबतो, असं ताईंचं म्हणणं.

त्या रुंद रकान्यात जे आलं ते कुठल्याच तपासणीत आलं नसतं.

एका मुलानं सांगितलं, वर्गात सतरंजीवर बसलं की खाली दुखतं. मास्तर त्याला चुळबुळ्या म्हणून उठवून उभं करायचे. बैठकीवरची चरबी गेली की हाडावर बसावं लागतं, हे मास्तरांना कसं माहीत असणार, आणि सांगायचं तरी काय म्हणून? ताईंनी आईला सुचवलं, गोधडीचा तुकडा चौघडी शिवून दप्तरात द्या. शाळेत मूळव्याधीचा त्रास म्हणून सांगितलं गेलं. मुलाला ते कारण मुळीच आवडलं नाही, पण बसता यायला लागलं.

दुसरा मुलगा ऐन मे महिन्यात स्वेटर घालून हिंडायचा. लासलगावचा मे म्हणजे कांदा चाळीत भरायचा काळ, उन्हात पत्र्याला हात लागत नाही. हा मात्र बनियनवर बनियन, वर शर्ट, त्यावर स्वेटर. कबड्डीत चांगला होता, तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवड झालेली, आणि ऐन वेळी खेळणं सोडून दिलं. पुष्कळ दिवसांनी ताईंशी बोलला. छाती वाढली होती. पोरांनी विहिरीवर पोहताना चिडवलं होतं. एफाविरेन्झ या औषधानं काही मुलग्यांमध्ये स्तनांची वाढ होते, ही माहीत असलेली गोष्ट आहे. डॉक्टरांच्या लक्षात आलं तर औषध बदलून बघता येतं. पण मुलगा शर्ट काढून दाखवणार तेव्हा ना. केंद्रात गर्दी असायची, पडद्याआड मामा सोबत, बाहेर रांग. त्याला विचारलं जायचं, "काही त्रास?" तो म्हणायचा, "नाही." ताईंकडून हे ऐकल्यावर डॉक्टरांनी त्याला मामाशिवाय एकट्याला आत बोलावलं, तेव्हा पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं.

तिसऱ्याची गोष्ट ताईंच्या मनात सगळ्यात खोल रुतली. हुशार मुलगा, गोळ्या वेळेवर, सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, चांगली चढलेली. आणि अचानक गोळ्या उरायला लागल्या. आईनं बाटली मोजली तर महिन्याच्या निम्म्या तशाच. मुलगा काही सांगेना. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, शेवटच्या आजारपणातला. घरात दुसरा फोटोच नव्हता. बसलेले गाल, खोल गेलेले डोळे. मुलगा रोज आरशात बघायचा आणि रोज त्या फोटोकडे. एक दिवस म्हणाला, "मी पप्पांसारखाच दिसायला लागलोय. गोळ्या खाऊन पण तसंच होणार असेल तर कशाला खाऊ?"

त्याचा तर्क चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. वडील उपचाराशिवाय गेले. त्यांचं शरीर आजारानं झिजलं होतं. स्नायू, चरबी, रक्त सगळंच. मुलाच्या अंगात विषाणू दबलेला होता, त्याची ताकद शाबूत होती, फक्त चेहऱ्यावरची चरबी गेली होती. डॉक्टरांच्या भाषेत या दोन पूर्ण वेगळ्या अवस्था. आरशात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. गोळ्या जितक्या नेमानं घेतल्या तितका हा मुलगा आजारी दिसायला लागला, ही खरी अडचण होती आणि ती कुणी त्याला आधी समजावून सांगितली नव्हती. ताईंनी त्याला त्याचे रिपोर्ट ओळीनं मांडून दाखवले, सीडी-फोरचे आकडे त्याच्याच हातानं आलेख कागदावर मांडायला लावले. आलेख त्याला शाळेत नुकताच शिकवला होता. रेघ वर गेलेली त्यानं स्वतः काढली. मग पुढच्या तपासणीत डॉक्टरांशी औषध बदलण्याबद्दल बोलणं झालं.

इथं एक गोष्ट स्पष्ट मांडायला हवी. लिपोडिस्ट्रॉफीला दिसण्यापुरता दुष्परिणाम म्हणून बाजूला सारणारे लोक होते, अजूनही भेटतात. जीव वाचला ना, मग गालांचं काय घेऊन बसलात, असा सूर असतो. पण एचआयव्हीवरचा उपचार जन्मभराचा आहे आणि तो घेणं-न घेणं शेवटी त्या मुलाच्या हातात आहे. चौदाव्या वर्षी चेहरा हीच माणसाची सगळी मालमत्ता असते. त्या चेहऱ्यावरून रोग ओळखू यायला लागला की मूल गोळी फेकून देतं, आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. दिसण्याचा प्रश्न तिथंच जगण्याचा प्रश्न होतो. शिवाय पोटात साठलेली चरबी, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेली ट्रायग्लिसराइड या गोष्टी पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची तयारी करत असतात. त्या तर आरशातही दिसत नाहीत.

घरोघरी यावर उपाय एकच चालायचा: खाऊ घालणं. गाल भरावेत म्हणून शेंगदाण्याचे लाडू, तूप, केळी, परवडेल तेव्हा अंडी. आजीचं प्रेम ते. पण गालावरच्या चरबीच्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे वरचं खाणं गालात जात नाही, पोटावर जातं. हे आजीला सांगणं ताईंना फार जड जायचं. अर्धपोटी दिवस काढलेल्या बाईला, लेकराला तूप कमी घाल, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून त्यांनी कमी कर असं कधी म्हटलं नाही. डाळ, मटकी, अंडं वाढव. वडापाव, फरसाण, बेकरीचे खारी-टोस्ट रोज नकोत. आणि पोरगं सायकलवर शाळेत जाऊ दे. व्यायामानं पोट थोडं आटोक्यात येतं, स्नायू भरले की दंड जरा बरे दिसतात. गाल त्यानं भरत नाहीत, हेही त्या मुलांना खरं तेच सांगत आल्या.

औषध बदलणं हाच मुख्य उपाय होता. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्यानं थांबवा असं सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत भारताच्या कार्यक्रमातूनही ते गेलं. त्याआधीच २००७ मध्ये मोठ्या माणसांचा डोस चाळीसवरून तीस मिलिग्रॅमवर आणायला सुचवलं होतं, म्हणजे धोका ठाऊक होता आणि पर्यायांची वाट बघणं चालू होतं. मुलांसाठी अबाकॅव्हिर आलं, जरा मोठ्यांसाठी टेनोफोव्हिर. झांबिया आणि युगांडातल्या लहान मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टॅव्ह्युडिन, झिडोव्ह्युडिन आणि अबाकॅव्हिर यांच्यात दुष्परिणामांचा फार फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवं. ती मुलं वयानं लहान होती. वर्षानुवर्षं तेच औषध घेत वयात आलेल्या मुलांचं चित्र वेगळं असतं, आणि ताईंच्या वहीत बहुतेक तशीच मुलं होती.

सुरुवातीला ज्या मुलीबद्दल सांगितलं तिचंही औषध बदललं. सोनोग्राफी आधी करून घेतली, केवळ आजीच्या मनातलं जावं म्हणून. पण खळ्यावरच्या बायकांना काय सांगायचं? खरं सांगितलं तर एक संशय जाऊन दुसरा, त्याहून मोठा, गळ्यात पडणार. ताईंनी आजीला शिकवून ठेवलं, "नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलंय, थायरॉईडचा त्रास आहे, औषध चालू आहे म्हणून सांगा." खोटं बोलणं ताईंना आवडत नाही, या एका जागी त्या कचरत नाहीत. मुलीचं पोट लगेच गेलं नाही. चरबी परतायला महिने नव्हे, वर्षं लागतात आणि पूर्ण परततेच असंही नाही. लहान वयात औषध बदललं तर आशा जास्त. दीडेक वर्षानं तिच्या दंडाचा आकडा वहीत पहिल्यांदा हलला. गाल थोडे भरले, पोटऱ्यांच्या शिरा दिसायच्या कमी झाल्या. पोट मात्र राहिलं. तिनं त्यावर स्वतःच तोड काढली, सैल पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांवर ओढणी.

नाशिकला जाणं हीसुद्धा सोपी गोष्ट नव्हती. लासलगाव आगाराची एसटी किंवा स्टेशनवरून नाशिकरोडची गाडी, तिथून सिव्हिल, रांग, रक्त, गोळ्या, परत; दिवस जातो आणि दिवसाची मजुरीही जाते. बाजार समितीत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. हमाल, मापारी, खळ्यावरच्या बायका, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. अमावास्या कामाच्या दिवशी आली की ताई त्याच दिवशी मुलांना न्यायच्या. काही आज्या कुरकुरायच्या, अवसेला पोराला घेऊन दवाखान्याची पायरी चढायची म्हणून. पण हजेरी बुडत नाही हे पटलं की तयार व्हायच्या. गाडीत मुलं एकमेकांना बघायची. सारखेच गाल, सारखेच हात. काहींना त्यात आधार वाटायचा, काही खिडकीकडे तोंड करून बसायची.

पंढरपुरात मंगल शहा यांची 'पालवी', पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं 'मानव्य', लातूरजवळ हासेगावात रवी बापटले यांचं 'सेवालय' अशी घरं महाराष्ट्रात उभी राहिली. अशा घरात मुलाला गोळीची बाटली लपवावी लागत नाही. वस्तीवरच्या मुलाला तो आधार नसतो. तिथं तो एकटाच असतो, आणि चेहरा हा त्याच्याकडचा एकच न लपवता येणारा कागद असतो. म्हणून घरी राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत शरीरातल्या बदलांची विचारपूस जास्त नेमानं व्हायला हवी, असं ताई डॉक्टरांना सतत सांगत आल्या.

आता दिवस बदलले आहेत आणि ते चांगल्या अर्थानं. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला लगेच तिहेरी औषधं सुरू होतात, त्यामुळे लागण घेऊन जन्मणारी बाळं पुष्कळ कमी झाली. २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, लागण कळली की उपचार. २०२० पासून मोठ्यांच्या उपचारात टीएलडी ही गोळी आली. तिच्यात डोल्युटेग्राव्हिर आहे. लहानांसाठी त्याची पाण्यात विरघळणारी दहा मिलिग्रॅमची गोळीही निघाली. या औषधानं गाल बसत नाहीत. उलट वजन वाढतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स या चाचणीत डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांचं, विशेषतः बायकांचं, वजन चांगलंच वाढल्याचं २०१९ मध्ये दिसलं. मुलांवरच्या ओडिसी चाचणीत मात्र वाढ थोडीशीच होती आणि उंचीही जराशी बरी वाढली.

त्यामुळे ताईंच्या वहीतला रुंद रकाना आता वेगळ्याच बोलण्यानं भरतो. एका नवविवाहितेनं सांगितलं, "ताई, पहिल्यांदा माझ्या बांगड्या मापाच्या झाल्या." तिचं वजन सात-आठ किलोनं वाढलं आहे आणि ती त्यावर खूष आहे. तिच्या आनंदावर विरजण घालायचं नाही, पण उपाशीपोटीची साखर आणि लिपिड तपासून घ्यायची, असं दुहेरी काम आता करावं लागतं. दुसरी मुलगी नाराज आहे. तिला कमरेची काळजी वाटते आणि मोबाइलवर बघून ती रात्रीचं जेवण टाळते. गोळी उपाशीपोटी चालते का, असं विचारते. चालते. पण जेवण का सोडलंस हा प्रश्न ताईंनी लिहून ठेवला आहे, पुढच्या भेटीसाठी.

सगळ्यात मोठी काळजी जुन्या मुलांची. पाचव्या-सहाव्या वर्षी एसएलएन सुरू झालेली मुलं आज पंचविशीत आहेत. कुणी सिन्नरच्या, अंबडच्या कंपनीत, कुणी चाकणला, कुणी पिकअप चालवतो. गाव बदललं की केंद्र बदलतं, नवे डॉक्टर समोर येतात. त्यांना समोर दिसतो एक किडकिडीत तरुण, विषाणू दबलेला, टीएलडी चालू. लहानपणी किती वर्षं कुठली गोळी खाल्ली हे त्या तरुणालाच आठवत नाही. ती माहिती असते केंद्रावरच्या पांढऱ्या कार्डावर आणि रुग्णाच्या हिरव्या पुस्तकात. हिरवं पुस्तक पुष्कळांनी फाडून टाकलेलं, चुलीत घातलेलं. बायकोच्या, घरमालकाच्या, खोलीतल्या पोरांच्या हाती लागू नये म्हणून. ताई त्यांना दोष देत नाहीत. बाजार बंद असतो त्या रविवारी त्या एकेकाला फोन लावतात. वहीतून त्याची जुनी औषधं, बदलल्याचा महिना, शेवटचा कमरेचा आकडा शोधून एका चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठीवर नाव नाही, आजाराचं नाव नाही, फक्त औषधांची नावं आणि वर्षं. "पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ही दाखव," त्या सांगतात, "आणि साखर, कोलेस्टेरॉल कधी केलं होतं ते विचार. केलं नसेल तर करून घे. कंबर मी आले की मोजते."